लोकार्पणाची रुग्णवाहिका आतून: ट्रॉली, ऑक्सिजन, सक्शन आणि चावी

गणेश मंडळ, पतसंस्था, साखर कारखाना, आमदार निधी. गावात रुग्णवाहिका येते ती बहुधा यांपैकी एका दारातून. नारळ फुटतो, पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात देऊन फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी चालक मागचं कपाट पहिल्यांदा उघडून बघतो. हा आढावा त्या कपाटाचा. इंजिन, मायलेज आणि सर्व्हिसिंगबद्दल इंटरनेटवर हवं तेवढं लिहिलेलं सापडतं. मागच्या आठ-दहा फुटांबद्दल कुणी लिहीत नाही, आणि पेशंट तर तिथेच असतो.

नमुना म्हणून धरलीय ती गाडी नेहमीचीच: विंगर किंवा ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बॉडीवाल्याने फिटिंग करून दिलेली, कोटेशनवर ‘बेसिक लाइफ सपोर्ट’ लिहिलेली. सामानाची यादीही ठरलेली असते. ऑटो लोडर ट्रॉली, स्कूप (दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर), स्पाइन बोर्ड (मणक्याच्या दुखापतीसाठी कडक फळी), ऑक्सिजनचे दोन बी टाइप आणि एक ए टाइप सिलिंडर, सक्शन (तोंडातली उलटी, चिकटा ओढणारं मशीन), अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची), बीपीचं मशीन, पल्स ऑक्सिमीटर, आणि बजेट बसलं तर एईडी (हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका देणारं छोटं यंत्र). आधीच निकाल सांगायचा तर महाग वस्तू बहुतेक ठीक असतात. अडतं ते वायसर, पट्टा, चार्जर असल्या किरकोळ गोष्टींपाशी, कारण कोटेशनमध्ये त्यांची ओळच नसते.

आधी नाव नीट लावू. आपल्याकडच्या एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहिकेचे चार प्रकार आहेत. ए म्हणजे पहिली मदत घेऊन पोहोचणारं वाहन, बी म्हणजे पेशंटची साधी ने-आण, सी म्हणजे बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) आणि डी म्हणजे एएलएस (ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट). गाडीच्या काचेवर लाल अक्षरांत ‘कार्डियाक’ लिहिलं म्हणून ती डी होत नाही. आत डिफिब्रिलेटर (हृदयाला झटका देणारं मोठं यंत्र) नाही, मॉनिटर नाही, तो चालवणारा माणूस नाही, तर ते फक्त स्टिकर आहे. नातेवाईक ते स्टिकर वाचून गाडी निवडतात. म्हणून हा मुद्दा रंगकाम करणाऱ्यावर सोडू नये.

ईकोसारख्या छोट्या व्हॅनबद्दलही इथेच सांगून टाकतो. गल्लीत शिरते, पेट्रोलला परवडते, डायलिसिसच्या पेशंटला आठवड्यातून तीनदा ने-आण करायला चांगली. पण आत उभं राहता येत नाही, पेशंटच्या डोक्यामागे बसायला जागा नसते, आणि छातीवर दाब द्यायचा तर कोपर सरळ ठेवून खांदे छातीच्या बरोबर वर आणता येत नाहीत. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. वाकून, टपाला डोकं घासत तो पहिल्या दोन मिनिटांतच उथळ होतो. अशी गाडी बी प्रकारात घ्यावी आणि तशीच वापरावी. उंच टपाच्या गाडीतही धावताना दिलेल्या सीपीआरवर, म्हणजे छातीवरच्या दाबावर, भिस्त ठेवू नये. वळणावर दाब चुकतो आणि दाब देणारा स्वतः आपटतो. पेशंट जिथे पडलाय तिथेच, घराच्या फरशीवर, दाब सुरू करून एईडी लावणं केव्हाही चांगलं. याचा खरेदीशी संबंध असा की एईडी कपाटात स्क्रूने न बसवता हातात धरून नेता येईल अशा बॅगेत मागावा.

ट्रॉली

ऑटो लोडर ट्रॉली ही या गाडीतली सर्वांत देखणी वस्तू. पुढची चाकं गाडीच्या फळीला टेकवून ढकललं की पाय आपोआप दुमडतात आणि ट्रॉली आत सरकते. रिकामी ट्रॉलीच चाळीस किलोच्या आसपास भरते. बऱ्याच मॉडेलच्या पाटीवर १५९ किलो क्षमता लिहिलेली दिसते. आकडा विचित्र वाटतो, कारण तो ३५० पाउंडांचा भाषांतरित अवतार आहे. या क्षमतेत पेशंटसोबत त्याच्या पायांवर ठेवलेला सिलिंडर आणि बॅगही धरायची असते, हे विसरलं जातं.

धोका आत घालताना कमी आणि बाहेर काढताना जास्त. ट्रॉली ओढली की पाय खाली येतात आणि कुलपात बसल्याचा ‘खट्’ आवाज येतो. तो दोन्ही जोड्यांचा यायला हवा. मागचा आला, पुढचा आला नाही आणि वजन टाकलं, की पेशंटच्या डोक्याकडची बाजू खाली कोसळते. सायरन चालू असताना, भोवती पन्नास माणसं ओरडत असताना तो आवाज ऐकू येत नाही. म्हणून कानावर न विसंबता डोळ्यांनी पाय सरळ झालेले बघायचे, हाताने एकदा हलवून बघायचं, मगच गाडीची कड सोडायची. नवी ट्रॉली ताब्यात घेताना ऐंशी किलोचा माणूस झोपवून हे दहा वेळा करून घ्यावं. दहापैकी एकदा जरी पाय अडकला तरी ट्रॉली परत. स्प्रिंगला तेल देऊन वेळ मारून नेणाऱ्या बॉडीवाल्याला तिथेच थांबवावं.

चाकं बघा. चार-पाच इंचांची चाकं दवाखान्याच्या टाइल्सवर सुरेख फिरतात आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गटाराच्या जाळीत, शेणामातीच्या अंगणात रुततात. आठ इंचांची मागावीत. गादीच्या शिवणीवरून नख फिरवा. धाग्याने शिवलेल्या रेक्झिनमधून रक्त आणि लघवी आतल्या फोममध्ये उतरतं, आणि मग कितीही पुसलं तरी मे महिन्यात गाडीचं दार उघडताच वास येतो. शिवण वितळवून जोडलेली गादी थोडी महाग पडते, पण ती धुता येते.

पट्ट्यांबद्दल तक्रार जवळपास प्रत्येक गाडीत आहे. दोन आडवे पट्टे येतात, एक छातीवर, एक मांडीवर. पेशंटचं डोकं चालकाकडे असतं. करकचून ब्रेक लागला की शरीर डोक्याच्या दिशेने सरकतं, आणि आडवे पट्टे ते थांबवत नाहीत. त्यासाठी खांद्यांवरून येणारे दोन पट्टे लागतात. ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मिळाले तरी बहुधा गादीखाली दुमडून ठेवलेले सापडतात. ट्रॉली जमिनीला धरून ठेवणारा क्लॅम्पही हाताने जोर लावून ओढून बघावा. फ्लोअरच्या प्लायवूडमध्ये चार स्क्रू मारून बसवलेला क्लॅम्प अपघातात ट्रॉलीसकट उखडतो. तो सांगाड्याच्या लोखंडाला बोल्टने आवळलेला हवा. गाडीखाली वाकून नट दिसतात का बघायचं, एवढं सोपं आहे.

जिना

इथे सगळे आढावे थांबतात, कारण शोरूमला जिना नसतो. पेशंट मात्र तिसऱ्या मजल्यावर असतो. जुन्या चाळीच्या लाकडी जिन्याला, पेठेतल्या वाड्याच्या अंधाऱ्या वळणाला किंवा चार माणसांच्या लिफ्टला ट्रॉली दाखवूसुद्धा नये. मग काय होतं? दम लागलेल्या, छातीत दुखणाऱ्या माणसाला दोघं काखेत धरून चालवत खाली आणतात. हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी ते साठ पायऱ्यांचं चालणं ही त्या दिवसातली सर्वांत वाईट गोष्ट असते.

यावर दोन वस्तू आहेत आणि यादीत सहसा दोन्ही नसतात. पहिली म्हणजे घडीची जिना-खुर्ची. तिला वर दोन, खाली दोन मुठी आणि मागे चाकं असतात. शुद्धीवर असलेल्या, धाप लागलेल्या माणसाला बसवून आणायला तिच्यासारखं काही नाही, कारण धापेच्या पेशंटला आडवं केलं तर दम वाढतो. मणक्याच्या दुखापतीला आणि बेशुद्ध माणसाला मात्र ती चालत नाही. दुसरी वस्तू साधी जाड कापडाची, सहा किंवा आठ मुठींची झोळी. बेशुद्ध पेशंटला जिन्यातून उतरवताना ती वळणावर अंग चोरते, धुता येते आणि घडी करून सीटखाली मावते. घोंगडीची डोली करून पाड्यावरून रस्त्यापर्यंत पेशंट आणणाऱ्यांना या झोळीचं मोल वेगळं सांगायला नको. मेळघाटात, गडचिरोलीत गाडी जिथे थांबते तिथून पुढचा रस्ता याच पद्धतीने कापला जातो. एईडीच्या निम्म्या पैशांत दोन्ही वस्तू येतात. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर तीन मजली चाळींच्या वस्तीत आमचं मत खुर्चीला.

स्कूप चांगला असतो. दोन भागांत उघडतो, दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवायचा, आधी डोक्याकडचं कुलूप लावायचं, मग पायाकडचं. लांबी पेशंटला धरून आधीच ठरवायची. खाली सरकवल्यावर ओढाताण करायची नाही. एक खोड आहे. तो ॲल्युमिनियमचा असतो, आणि मे महिन्यात अपघातस्थळी रस्त्यावर पाच मिनिटं ठेवला की चटका बसतो. वर चादर टाकावी.

स्पाइन बोर्डबद्दल लोकांची श्रद्धा जास्त आणि माहिती कमी. बोर्ड हे उचलण्याचं साधन आहे, झोपवण्याचं नव्हे. दीड-दोन तास त्या कडक फळीवर राहिलेल्या पेशंटच्या माकडहाडावर, टाचांवर दाबाच्या जखमा सुरू होतात. आणि डोक्याचे ठोकळे, पट्ट्यांचा संच आणि मापात बदलणारी मानेची कॉलर नसेल, तर ती नुसतीच रंगीत फळी. कोटेशनमध्ये ‘स्पाइन बोर्ड – १’ एवढंच असेल तर तीन गोष्टी कमी आहेत असं समजावं. अजून एक व्यावहारिक बाब. कॅज्युअल्टीत पेशंट बोर्डासकट उतरवून घेतात, एक्स-रे होईपर्यंत बोर्ड परत मिळत नाही, आणि गाडी पुढच्या कॉलला फळीविना निघते. म्हणून दोन बोर्ड, आणि दोन्हींवर ऑइल पेंटने गाडीचा नंबर.

ऑक्सिजन: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

सिलिंडर काळा, खांदा पांढरा. इथले ए, बी, डी ही सिलिंडरची मापं, गाडीचे प्रकार नव्हेत. ए टाइपमध्ये पाऊण घनमीटर म्हणजे ७५० लिटर, बी टाइपमध्ये १,५०० लिटर, डी टाइपमध्ये ७,००० लिटर. हे पूर्ण भरलेले असताना, चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाबाला. हिशेब तोंडी करता येतो. सिलिंडरमध्ये मावणारं पाणी (लिटरमध्ये) गुणिले दाबाच्या घड्याळावरचा आकडा. बी टाइप १० लिटर पाण्याचा, म्हणून काटा ५० वर असेल तर ५०० लिटर उरला. काही घड्याळं पीएसआयमध्ये असतात. तिथे भरलेला सिलिंडर २,२०० च्या आसपास दिसतो.

आता हा हिशेब रस्त्यावर मांडू. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात मेळघाटातली वळणं. साडेतीन तास धरा. पेशंटला पिशवीवाला मास्क लावून मिनिटाला १५ लिटर द्यायचा झाला, तर २१० मिनिटांना ३,१५० लिटर लागतील. दोन बी टाइप मिळून होतात ३,०००, तेही काठोकाठ भरलेले असले तर. म्हणजे हातात न्यायचा ए टाइप हिशेबात न धरता, अमरावती दिसायच्या आधी काटा शून्यावर. एक डी टाइप असता तर साडेसात तास पुरला असता. शहरात, पंधरा मिनिटांवर हॉस्पिटल असताना दोन बी टाइप भरपूर. तालुक्याच्या गाडीला मात्र डी टाइपचा कप्पा बॉडी बनतानाच करून घ्यावा. नंतर तो बसत नाही, कारण सिलिंडर जवळपास माणसाएवढा उंच असतो आणि वजन पन्नास किलोंच्या वर. सिलिंडरला दोन पट्टे हवेत, वर एक, खाली एक. एकाच साखळीवर उभा सिलिंडर गतिरोधकावर घंटेसारखा वाजतो. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) पाच वर्षांनी करावी लागते. तारीख खांद्यावर ठोकलेली असते, ती ताब्यात घेताना वाचावी. जुने, टेस्ट संपत आलेले सिलिंडर नव्या गाडीत खपवले जातात.

एवढं सगळं असूनही प्रत्यक्षात ऑक्सिजन मिळत नाही तो तीन-चार फुटकळ कारणांनी. ए टाइपवर रेग्युलेटर बसतो तिथे एक छोटा वायसर असतो. तो चपटा झाला, पडला किंवा सिलिंडर बदलताना जुन्याबरोबर गेला, की ‘फस्स’ आवाज येत राहतो आणि निम्मा ऑक्सिजन गाडीत. चालक मग पाना घेऊन आवळतो आणि आणखी बिघडवतो. वायसर हाताने आवळूनच बसायला हवा, बसत नसेल तर तो बदलायचा. पाच वायसर डबीत घालून रेग्युलेटरलाच बांधून ठेवावेत. गळती थांबवायला तेल, ग्रीस, व्हॅसलिन लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. सॅनिटायझरने ओले हातही आधी वाळू द्यावेत.

ह्युमिडिफायरची, म्हणजे ऑक्सिजन ओला करणारी पाण्याची बाटली हे दुसरं दुखणं. झाकणाचा आटा तिरका बसला की बुडबुडे येत नाहीत, आणि मास्कपर्यंत काहीच पोहोचत नाही. फ्लोमीटरची (मिनिटाला किती लिटर ते दाखवणाऱ्या नळीची) गोळी मात्र १० वर नाचत असते, म्हणून सगळ्यांना वाटतं की चालू आहे. नळी गालाजवळ धरून वारा लागतो का बघणं ही एकच खरी खात्री. अर्ध्या तासाच्या प्रवासाला ओल्या हवेची गरजही नसते. आठवडाभर तेच पाणी साचलेली बाटली लावण्यापेक्षा ती काढून थेट जोडलेलं बरं. आणि पिशवीवाला मास्क लावताना आधी पिशवीवरची झडप बोटाने झाकून पिशवी फुगवून घ्यायची, मग तोंडावर. श्वास घेताना पिशवी चपटी होत असेल तर लिटर वाढवायचे. याच मास्कला ४-५ लिटरवर सोडलेलं दिसतं, ‘ऑक्सिजन वाचवायला’. त्याने वाचत काही नाही, पेशंट गुदमरतो. कमी द्यायचा असेल तर नाकातली नळी लावावी, २ ते ४ लिटरवर. जुना दमेकरी, सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट असेल तर ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ पुरे. बाकीच्यांना ९४ च्या वर.

सक्शन, अँबू आणि विजेचा हिशेब

सक्शन मशीन चालू करून ‘घुर्र’ आवाज आला म्हणजे चालतं, असा समज आहे. तपासायची पद्धत वेगळी. नळी मुडपून धरायची. चार सेकंदांत काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरच्या पुढे गेला पाहिजे. नाही गेला तर बरणीचं झाकण, रबरी रिंग किंवा नळीला भोक. गाडीसोबत येतात त्या बारीक, लवचिक कॅथेटर. नवजात बाळाला, ट्यूबमधून ओढायला त्या ठीक. पण विषप्राशनाचा पेशंट उलटी करतो तेव्हा तोंडात असतो वरणभात, आणि एक शीत त्या कॅथेटरला बूच मारतं. जाड, कडक यांकॉर टीप हवी, किमान चार. ओढताना दहा-पंधरा सेकंदांवर जाऊ नये, कारण तेवढा वेळ पेशंट श्वासाविना असतो. इलेक्ट्रिक मशीन कितीही भारी असू दे, सोबत पायाने किंवा हाताने चालणारं एक ठेवावं. ते जिन्याखालच्या अंधारातही चालतं.

अँबू बॅग बहुतेक गाड्यांत एकच, मोठ्यांची, दीड लिटरच्या घरातली. बाळाला ती वापरली तर फुप्फुसात गरजेच्या कितीतरी पट हवा जाते. तीन मापं हवीत. धुतल्यावर झडपेची पातळ पापणी उलटी बसवली जाते हा नेहमीचा घोळ. बाहेरून बॅग छान दिसते, दाबली की हवा पेशंटकडे न जाता बाजूने निघते. तपासणी दहा सेकंदांची आहे. मास्क काढून बॅगेचं तोंड तळहाताने बंद करायचं आणि बॅग दाबायची. ती दबली नाही पाहिजे. मास्कची फुगीर कड उन्हाने कडक होऊन गालाला बसेनाशी होते, ती दर उन्हाळ्यानंतर बदलावी. आणि बॅग एकट्याने दाबणं फारसं जमत नाही. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने सहा सेकंदांनी एकदा, छाती जेमतेम उचलेल इतकंच दाबायचं. जोरात, भराभर दाबली की हवा पोटात जाते आणि उलटी वर येते. मग पुन्हा सक्शन.

ऊन हा विषय निघालाच आहे तर एईडीबद्दल. बहुतेक मॉडेल ० ते ५० अंशांपर्यंत चालायला बनवलेली असतात. चंद्रपूर, नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी असेल तर आतला पारा ५० ओलांडतो. पॅडवरचा जेल सुकतो, बॅटरी लवकर उतरते. पाकिटावरची मुदत म्हणजे सावलीतली मुदत. गाडीला शेड नसेल तर एईडी आणि औषधांची पेटी चालकाच्या खोलीत ठेवून कॉलला निघताना उचलावी. विसरण्याचा धोका आहेच. त्यावर उपाय म्हणजे गाडीची किल्ली त्याच बॅगेच्या कडीला अडकवणं.

विजेत बॉडीवाले हमखास एक कोपरा कापतात. सक्शन, इन्व्हर्टर, दिवे, मोबाइल चार्जर सगळं इंजिनच्याच बॅटरीवर. गाडी दोन दिवस उभी राहिली की सकाळी स्टार्टच होत नाही. मागच्या सामानाला स्वतंत्र बॅटरी आणि मध्ये आयसोलेटर (दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच) हवा, शिवाय गाडी उभी असताना भिंतीच्या प्लगवर लावायला बाहेरून सॉकेट. ते सॉकेट चालकाच्या दाराजवळ घ्यावं. मागे असलं की वायर लावलेली तशीच गाडी निघते.

दिव्यांत हौस नको. मागे निळे-जांभळे एलईडी पट्टे लावलेले दिसतात, लग्नाच्या बसमध्ये असतात तसे. त्या उजेडात ओठ निळे पडलेत का, चेहरा पांढरा पडलाय का, काहीच कळत नाही. स्वच्छ पांढरा उजेड आणि ट्रॉलीच्या डोक्याकडे एक वळवता येणारा दिवा एवढं पुरतं. बीपीचं म्हणाल तर धावत्या गाडीत स्टेथोस्कोप कानाला लावून काही ऐकू येत नाही. मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवायचा, सोडताना नाडी जिथे परत लागते तो वरचा आकडा. खालचा आकडा गाडी थांबल्यावर.

मागे कोण बसणार

कोटेशनमध्ये न येणारी ही सर्वांत महाग ओळ. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी, त्यांतल्या २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस. तिथे गाडीत डॉक्टर असतो आणि चालकाला ‘पायलट’ म्हणतात. मंडळाच्या गाडीत असतो एकटा चालक. मागे पेशंटची बायको, मुलगा आणि शेजारचे काका. म्हणजे वर लिहिलेलं सक्शन, अँबू, एईडी वापरायला कुणीच नाही. अशा गाडीवर सी प्रकाराचं सामान भरून ठेवणं म्हणजे बंद खोलीत तिजोरी. गावातल्या चार-पाच तरुणांना छातीवर दाब, मास्क धरणं, रक्तस्राव दाबून थांबवणं एवढं शिकवून पाळीने गाडीवर घेतलं तर चित्र बदलतं. नाही जमलं तर तातडीच्या कॉलला आधी १०८ लावावा आणि मंडळाची गाडी ने-आणीला ठेवावी.

बसणाऱ्यासाठीही बघा. बाजूच्या बाकाला पट्टे असतात का? असले तर बकल रेक्झिनखाली दडपलेली असतात. टपाला लांब आडवी दांडी हवी, नाहीतर उभा माणूस सलाइनच्या हुकाला लटकतो. ट्रॉलीच्या डोक्याशी, मागे तोंड करून बसायची खुर्ची मागावी. मास्क धरणारा तिथेच बसू शकतो.

प्रसूतीचं पाकीट बहुधा सीलबंद, कुणी न उघडलेलं. आत नाळेचे दोन चिमटे, निर्जंतुक ब्लेड, हातमोजे, बाळाच्या तोंडातला चिकटा ओढायची नळी असते, पण कोरडे टॉवेल नसतात. ते तीन, सुती, शिवाय टोपरं. बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवायचं आणि एसी बंद.

फरशी एकाच तुकड्याची, कडा भिंतीवर चार बोटं चढवलेली असावी. जोडाच्या फटीत रक्त साचतं. सांडलेल्या रक्तावर एक टक्का हायपोक्लोराइट टाकायचं. बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. नाहीतर ट्रॉलीचं ॲल्युमिनियम महिन्याभरात पांढरं पडतं.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी दोन तास काढावेत. वर सांगितलेलं एकेक करून बघावं: माणूस झोपवून ट्रॉली दहा वेळा, वाकून क्लॅम्पचे नट, खांद्यावरची टेस्टची तारीख, मुडपलेली सक्शनची नळी, तळहाताखालची अँबू. आणि मग बॉडीवाल्याला ए टाइप सिलिंडर उघडून दाखवायला सांगावं, स्वतःच्या हाताने. दहापैकी सात-आठ वेळा तो खिसे चाचपतो, मग मेकॅनिककडे पक्कड मागतो. सिलिंडरच्या खुंटीची ती चपटी लोखंडी चावी पन्नास-शंभर रुपयांना मिळते. दोन घ्याव्यात, एक सिलिंडरच्या मानेला साखळीने कायमची, दुसरी चालकाच्या किल्लीच्या जुडग्यात. पुठ्ठ्याच्या चावीसोबत फोटो काढायचा तो त्यानंतर.